टाय (वस्त्र)

टाय किंवा नेकटाय हा सदऱ्याच्या कॉलरखालून गळ्याभोवती गुंडाळून पुढे गाठ मारून बांधावयाचा कापडी पट्टा आहे. त्याने अंग झाकले जात नाही आणि कपडे धरूनही राहत नाहीत. त्यामुळे टायचा अर्थ तो कोण घालतो आणि कोणाच्या सांगण्यावरून घालतो यावर अवलंबून राहिला आहे. महाराष्ट्रात शालेय गणवेश, न्यायालये, रेल्वे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे यांमुळे तो खेडोपाडी परिचित आहे. मराठीत त्यास विनोदाने ‘कंठलंगोट’ असेही म्हटले जाते.

उगम व रचना

१७ व्या शतकात फ्रान्सच्या सेवेत असलेले क्रोएशियन सैनिक गळ्यात रुमाल बांधीत. हा रुमाल फ्रेंच दरबारात लोकप्रिय झाला. ‘क्रॅव्हट’ हे त्याचे नाव ‘क्रोएट’ या शब्दावरून आले. आजच्या लांब टायची घडण न्यूयॉर्कमधील जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२० च्या दशकात निश्चित केली. त्यांनी कापड धाग्यांना तिरके कापून तीन तुकडे जोडण्याची पद्धत आणली. तिरक्या कापामुळे कापडास लवचीकता येते, गाठ सोडल्यावर टाय पूर्ववत सरळ होतो आणि पिळवटत नाही. टायची लांबी साधारणतः दीड मीटर असते. ‘फोर इन हँड’ आणि ‘विंडसर’ या त्याच्या प्रचलित गाठी आहेत.

भारतातील प्रसार

ब्रिटिश राजवटीत टाय युरोपीय पोशाखाबरोबर भारतात आला. विलायतेत शिकणाऱ्या भारतीयांनी तो स्वीकारला. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना महात्मा गांधी टाय नीट बसविण्यासाठी आरशासमोर वेळ घालवीत, असे त्यांनी आत्मकथेत नोंदविले आहे. पुढे १९२१ मध्ये त्यांनी केवळ पंचा नेसण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रीय चळवळीत अनेकांच्या दृष्टीने टायचा त्याग हे स्वदेशीचे चिन्ह ठरले.

आंबेडकरी चळवळीतील स्थान

डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत या पोशाखाला वेगळा अर्थ प्राप्त झाला. अस्पृश्य मानलेल्या जातींनी काय ल्यावे व काय लेऊ नये यावर गावोगावी बंधने होती. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात आंबेडकरांनी इंदूर परिसरातील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. तेथे सवर्णांनी बलाई पुरुषांना जरीकाठी पगडी व रंगीत काठाचे धोतर आणि स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने वापरण्यास मनाई केली होती. डिसेंबर १९२७ मधील महाड येथील परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी वेशभूषा सोडण्याचे आवाहन केले.

ज्याला जरीचा काठही वर्ज्य होता अशा समाजातून आलेल्या माणसाच्या गळ्यातील टाय हे परकीयांचे अनुकरण नव्हते. कोणत्याही जातीने नेमून न दिलेला तो पोशाख होता. म्हणूनच कोट, टाय, चष्मा आणि हातातील संविधान ही आंबेडकरांच्या प्रतिमेची ठळक लक्षणे बनली. संसद भवनाच्या आवारातील त्यांच्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी झाले. महाराष्ट्रातील गावोगावच्या पुतळ्यांत निळा कोट व लाल टाय ही रंगसंगती वारंवार आढळते. १४ एप्रिलच्या जयंतीस लहान मुलांना असाच वेष देण्याची प्रथा आहे.

शाळा, न्यायालय आणि रेल्वे

इंग्रजी माध्यमाच्या शाळांमुळे टाय ग्रामीण महाराष्ट्रात रोजच्या पाहण्यातील वस्तू झाला. लहान मुलांसाठी तयार गाठीचा, रबरी पट्टीचा टाय वापरतात. तो गळ्यात चढविणे सोपे असते आणि ओढला गेल्यास ताणला जातो. खासगी शाळांच्या मुलांपेक्षा आपली मुले कमी दिसू नयेत, या भावनेतून काही जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून टाय व बेल्ट दिले जातात.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलांनी पांढरे बँड लावावयाचे असतात. मात्र सर्वोच्च, उच्च, जिल्हा, सत्र आणि नगर दिवाणी न्यायालये वगळता इतर न्यायालयांत बँडऐवजी काळा टाय चालतो. रेल्वेच्या तिकीट तपासनिसाचा पारंपरिक वेषही काळा कोट व टाय हाच आहे.

अन्य उपयोग

प्रथमोपचारात टाय पट्टीचे काम देतो. हात मोडल्यास घडी केलेले वर्तमानपत्र किंवा लाकडी पट्टी आधारास ठेवून ती टायने बांधता येते. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरण्यासाठीही तो उपयोगी पडतो.

सर्पदंशात मात्र टाय, दोरी किंवा रुमाल यांनी अवयव आवळून बांधू नये. वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या शेतीप्रधान गावांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. आवळल्याने रक्तपुरवठा थांबून अवयव निकामी होऊ शकतो, आणि बंधन अचानक सोडल्यास विष वेगाने पसरण्याचा धोका असतो. दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे आधार देऊन, सैलसर बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णास विलंब न करता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे.

जुन्या टायचे रेशमी तुकडे जोडून गोधडी किंवा पिशवी शिवता येते. कापड तिरके कापलेले असल्याने ते ताणले जाते, म्हणून शिवण्यापूर्वी त्यास अस्तर लावावे लागते. क्रोएशियात २००३ मध्ये पुला येथील प्राचीन रोमन रंगमंडलास ८०८ मीटर लांबीचा टाय गुंडाळण्यात आला होता.

आक्षेप व घटता वापर

फिरत्या यंत्राजवळ लोंबता टाय अडकून गळफास बसू शकतो, म्हणून तो तेथे टाळावा लागतो. टाय क्वचितच धुतला जात असल्याने ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये डॉक्टरांना रुग्ण तपासताना तो न घालण्याची सूचना केली. विजेची बचत व्हावी म्हणून जपान सरकारने २००५ पासून उन्हाळ्यात कार्यालयांत टायविना येण्यास प्रोत्साहन दिले.

न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये माओरी खासदार रावीरी वाइटीटी यांनी टायला वसाहतवादी फास ठरवून तो घालण्यास नकार दिला. त्यांना सभागृहाबाहेर काढण्यात आले, परंतु त्यानंतर लगेच तेथील संसदेत टायची सक्ती संपुष्टात आली. टाय लादला गेला तेव्हा तो नाकारणे हे स्वाभिमानाचे कृत्य ठरले. महाराष्ट्रात चांगला पोशाखच नाकारला गेला होता, तेव्हा टाय बांधण्यालाही तोच अर्थ आला.