पगार आणि पोस्त

घरकामासाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी ठेवलेल्या बाईंना दरमहा किती द्यावे, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांत बहुधा जिन्यात किंवा शेजारणीच्या दारातच निकालात निघतो. तिच्याकडे काय देतात ते विचारायचे, त्यातून शंभर-दोनशे कमी करता येतात का ते पाहायचे, आणि जो आकडा हाती लागेल त्याला ‘सोसायटीचा दर’ असे भारदस्त नाव द्यायचे. हा दर म्हणजेच रास्त दर, ही समजूत इतकी दृढमूल झाली आहे की तो कोणी ठरवला, कधी ठरवला, आणि ज्यांच्या श्रमाचा तो दर आहे त्यांना ठरवतेवेळी कोणी विचारले होते काय, असे प्रश्न आपल्या मनात उमटतही नाहीत.

परंतु दर हा कोणीतरी ठरवल्यामुळेच दर होतो. पुण्यात 1980 साली धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी एकजुटीने काम थांबवले आणि त्या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, रजा आणि दिवाळीचा बोनस यांची भाषा या कामात रूढ झाली ती अशा संघटित मागण्यांमुळे, मालकिणींच्या औदार्यामुळे नव्हे. शेजारणीचा दर हा तेव्हा केवळ एक माहितीचा आकडा आहे. त्याला न्यायाचा दाखला मानण्याचे कारण नाही.

कायद्याविषयी दोन परस्परविरुद्ध गैरसमज एकाच वेळी नांदतात. काहींना वाटते की सरकारने दर ठरवून दिलेलाच असेल, तर काहींना वाटते की घराच्या उंबरठ्याआत कायद्याला प्रवेशच नाही. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला. त्यान्वये 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते, मात्र हा कल्याणाचा कायदा आहे आणि पगाराचा दर तो सांगत नाही. कर्नाटकाने मात्र 1948च्या किमान वेतन कायद्याखाली 2004 साली घरकामाचे किमान दर ठरवले, यावरून असे दर ठरवणे अशक्य असते ही सबब टिकत नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याने तर राहते घर हेच घरकाम करणाऱ्या स्त्रीचे कामाचे ठिकाण मानले आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलीला ‘लहान बाळाशी खेळायला’ म्हणून कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, मग तिला पगार कितीही द्या.

मंडळाच्या नोंदणीसाठी मालकाचा दाखला मागतात, आणि तो दिला तर आपण कसल्यातरी लफड्यात अडकू, या धास्तीने पुष्कळ घरे तो देण्याचे टाळतात. 2021 साली, निर्बंधांच्या दिवसांत, राज्य शासनाने 1,500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले ते नोंदणीकृत घरेलू कामगारांना. आपण एका सहीची कुचराई केली असेल, तर तिची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज मुले सांभाळण्याच्या कामाविषयीचा आहे. ‘बाळ दुपारी तीन तास झोपते, तेव्हा ती नुसती बसूनच असते’, हे वाक्य मी सुशिक्षित, सहृदय माणसांच्या तोंडून ऐकले आहे. समजा, एक बाई सकाळी नऊ ते सायंकाळी सात बाळ सांभाळतात, आठवड्याची एक सुट्टी धरून महिन्याचे 26 दिवस येतात, आणि त्यांना 15,000 रुपये मिळतात. आकडा मोठा वाटतो. पण दहा तासांचे 26 दिवस म्हणजे 260 तास, आणि मग ताशी मोल पडते 58 रुपयांहूनही किंचित कमी. त्याच घरी रोज तासभर भांडी घासणाऱ्या बाईंना 2,600 रुपये मिळत असतील, तर त्यांचा तास 100 रुपयांचा झाला. हाच हिशेब प्रत्येकाने आपल्या घरच्या आकड्यांनी करून पाहावा. भांड्यांना एक दर आणि पोटच्या पोराला त्याच्या निम्म्याच्या जवळपास, असे उत्तर आले, तर ते कागदावर तसेच राहू देऊन थोडा वेळ त्याकडे पाहत बसावे. झोपलेल्या बाळापाशी बसलेली स्त्री रिकामी नसते. तिचे कान त्या श्वासाकडे लागलेले असतात, तिला बाहेर जाता येत नाही, दुसरे काम धरता येत नाही, आणि तिच्या त्या बसण्याच्या भरवशावरच आपण कचेरीत निश्चिंत मनाने बसतो. मोल द्यायचे ते या अडकून पडलेल्या वेळाचे आणि अंगावर घेतलेल्या जबाबदारीचे.

हे काम स्वस्त वाटण्याचे एक कारण असे की घरातली स्त्री ते विनामूल्य करते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019च्या पाहणीत, अशी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे आणि पुरुष 97 मिनिटे विनावेतन घरकामात घालवतात असे आढळले. जे काम आईने, सुनेने, लेकीने फुकट केले, त्याचे मोल ठरवताना आपला हात आखडतो, आणि एका स्त्रीवरचा तो जुना अन्याय दुसरीच्या पगारातून वसूल होतो.

‘आम्ही तिला घरचीच मानतो, जेवण देतो, सणाला साडी देतो’ हे सांगताना पुष्कळांचा आवाज खरोखरच मायेने भिजलेला असतो, आणि त्या मायेविषयी मला आदर आहे. परंतु गावगाड्यातले बलुतेसुद्धा, त्यातली विषमता कितीही मोठी असली तरी, बलुतेदाराचा हक्क म्हणून मागितले जाई. आपली साडी मागता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरेलू कामगारांसाठी जो करार संमत केला, त्यात वस्तुरूप मोबदला वेतनाच्या मर्यादित भागापुरताच असावा, आणि आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती मिळावी, असे म्हटले आहे. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. दिवाळीची पोस्त अवश्य द्यावी, मात्र पगार मोजताना ती हिशेबात धरू नये.

आता खाड्यांविषयी. बाई न सांगता राहिल्या की पगार कापायचा, आणि आपण पंधरा दिवस गावी गेलो की ‘काम नव्हते’ म्हणून पुन्हा त्यांचाच पगार कापायचा, हा शिरस्ता अनेक घरांत बिनतक्रार चालतो. आपण गावी गेल्यामुळे त्यांचे घरभाडे थांबत नाही. त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलेली सकाळची वेळ त्या पंधरा दिवसांपुरती दुसऱ्या घरी विकताही येत नाही, कारण परतल्यावर त्या हजर असाव्यात अशी आपलीच अपेक्षा असते. मी स्वतः कित्येक वर्षे असे पैसे कापले, आणि त्यात काही अनुचित आहे हे मला एका उन्हाळ्यात बाईंनी अगदी हळू आवाजात विचारले तेव्हा समजले. त्यांनी विचारले ते इतकेच: ‘ताई, तुमची सुट्टी भरपगारी असते ना?’

त्यानंतर आम्ही दोघींनी बसून एक कागद केला. कामे कोणती, तास किती, महिन्याच्या रजा किती, पाहुणे आले तर वरकड कामाचे काय, उचल घेतली तर ती किती हप्त्यांत फेडायची, हे सारे त्यात आले, आणि त्याची एक प्रत त्यांच्या पेटीत व एक माझ्या कपाटात राहिली. पगारवाढ बाईंनी मागायची असते हाही एक गैरसमजच, कारण केंद्र सरकारच्या नोकरांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा पुनर्निश्चित होतो आणि त्यासाठी कोणा कारकुनाला साहेबाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पदर चाचपत उभे राहावे लागत नाही. म्हणून वाढीची तारीखही आम्ही कागदावर लिहिली. ती 1 जून आहे, कारण शाळा उघडण्यापूर्वीच्या त्या दिवसांत बाईंना मुलांच्या वह्या-पुस्तकांची खरेदी करायची असते.