दोष अनेक, हात थोडे

पगार नाहीं, वर साहेब नाहीं, आणि ज्याचें काम अडलें आहे त्याच्याकडून एक दमडीहि यावयाची नाहीं. अशा ठिकाणीं कोणता दोष आधीं दुरुस्त करावयाचा आणि कोणता तसाच राहूं द्यावयाचा, हें ठरतें तरी कसें? संगणकाच्या जगांत हा प्रश्न रोजचा आहे. आणि डेबियनच्या मंडळींनीं तो जितक्या उघडपणें हाताळला आहे, तितका फार थोड्यांनीं हाताळला असेल.

डेबियन म्हणजे लिनक्सच्या पायावर उभारलेली, कोणासहि मोफत मिळणारी आणि जिची मूळ संहिता कोणीहि वाचून बदलावी अशी संगणकप्रणाली. ईअन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं तिचा आरंभ केला. तींत हजारों प्रोग्रॅम आहेत, आणि प्रत्येकाचा सांभाळ एखादा स्वयंसेवक किंवा लहानसा गट करितो. त्यास मेंटेनर म्हणतात. या संस्थेस लेखी घटना आहे, आणि त्या घटनेंतच म्हटलें आहे कीं, तिच्यामुळें कोणावरहि काम करण्याचें बंधन येत नाहीं. कोणाचाच हुकूम चालत नाहीं असें हें राज्य!

तरीहि तेथें क्रम आहे. आलेली तक्रार सर्वांस वाचावयास खुली असते, आणि सात पायऱ्यांपैकीं एका पायरीवर तिला बसवितात. सर्वांत खालीं नुसती इच्छा: अमुक सोय असती तर बरें. सर्वांत वर, ज्यांमुळें संबंध नसलेले दुसरे प्रोग्रॅमहि बिघडतात, साठविलेली माहिती नष्ट होते किंवा परक्यास संगणकांत शिरकाव मिळतो, असे दोष. वरच्या तीन पायऱ्यांवरील दोष नव्या आवृत्तीची वाट अडवितात. ते वेळेवर दूर न झाल्यास तो प्रोग्रॅम बहुधा आवृत्तींतून वगळला जातो. मेंटेनरला शिक्षा कोणीच करीत नाहीं. आपला प्रोग्रॅम बाहेर राहणार, ही धास्ती पुरेशी होते.

खरी कसोटी मधल्या पायऱ्यांवर लागते. तेथें दोषाच्या आकाराइतकेंच तक्रारीच्या रीतीला महत्त्व येतें. ‘चालत नाहीं’ एवढेंच लिहिणाऱ्यास उलट प्रश्न जातात, आणि उत्तर न आल्यास ती तक्रार पडून राहते. अमुक आवृत्ति, अमुक क्रमानें अमुक केलें आणि अमुक झालें, असें जो लिहितो त्याचा दोष मेंटेनरला आपल्या यंत्रावर पुन्हां घडवून पाहतां येतो. दुरुस्ती स्वतःच लिहून पाठविणारा तर रांगेंत पुष्कळच पुढें जातो.

पण तयार दुरुस्तीहि डोळे मिटून घेतां येत नाहीं, आणि क्षुल्लक वाटणाऱ्या दोषास हात लावतांना जाणते मेंटेनर कां कचरतात, हें २००६ सालच्या एका प्रकरणावरून समजतें. गुप्तलेखनासाठीं वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅमविषयीं तपासणीच्या एका साधनानें कुरकुर केली कीं, मेमरीचा कांहीं भाग आधीं न भरतांच वापरला जात आहे. ही कुरकुर थांबविण्याकरितां डेबियनमध्यें दोन ओळी निकामी करण्यांत आल्या. त्यांतच गुप्त किल्ल्यांना अनिश्चितता पुरविणारी ओळ होती. ती गेल्यावर एकेका जातीच्या व लांबीच्या सुमारें ३२ हजारच निरनिराळ्या किल्ल्या तयार होऊं लागल्या. चोरास तेवढ्या सर्व चालवून पाहणें मुळींच अवघड नव्हतें. १३ मे २००८ रोजीं ही गोष्ट जाहीर झाली तेव्हां दोन वर्षें लोटलीं होतीं, आणि मधल्या काळांत त्या यंत्रांवर केलेल्या किल्ल्या जगभर टाकून नव्या कराव्या लागल्या.

उरलेल्या कामांत मेंटेनरची आवड चालते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जो प्रोग्रॅम तो स्वतः रोज वापरतो त्यांतील खडा त्यास टोचतो. दुसऱ्याच्या जोड्यांतला टोचत नाहीं. ‘तऱ्हा’ किंवा ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र पडद्यावर रफारासारखा उमटला, तर मराठी वाचकास तो तत्काळ खटकतो. देवनागरी न जाणणाऱ्या मेंटेनरला दोन्ही आकृत्या सारख्याच. अशी तक्रार ‘सामान्य’ पायरीवर वर्षानुवर्षें बसून राहण्याचा संभव असतो. तिला गति द्यावयाची तर बरोबर आणि चूक अशीं दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून, तो र कोठें व कसा उमटावा, हें नियमासह लिहून धाडावें लागतें. आणि तें लिहिण्यास मराठी वाचणारा माणूसच लागतो.