२० कार्डं, १० रुपये

सकाळी ८.३०
धारणीच्या पंपावर मॅडम स्कूटीत १०० रुपयांचं पेट्रोल टाकतात. पर्समध्ये काल घेतलेली २० पोस्टकार्डं आहेत. एक ५० पैशांना, म्हणजे १० रुपये. चौथीत मुलं १७. तीन कार्डं वाया जाणार, हे त्या धरूनच चालतात.

१०.३०
मेळघाटातली जिल्हा परिषद शाळा. परिपाठ, मग हजेरी. १४ हजर. तिघं आईबापांबरोबर हरभऱ्याच्या सोंगणीला सपाटीवर गेलीत. होळीला येतील; होळीला इथे सगळेच परततात. त्यांची कार्डं मॅडम कपाटात ठेवतात.

११.००
दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेची पत्रं आलीत. आज उत्तरं लिहायची. एका मुलाने विचारलंय, तुमच्याकडे वाघ खरंच दिसतो का? आपल्या गावची विहीर खारी आहे, हेही कळवलंय. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा तो. इथल्या मुलांना नवल वाटतं. मग तुम्ही पिता काय? बऱ्याच वह्यांत हाच प्रश्न उतरतो.

११.३०
आधी कच्चं, वहीत, पेन्सिलीने. खिडकीजवळची मुलगी लिहिते : 'आजीने वाघ पाहिली. म्हशीच्या मागे होती. आजी ओरडली. वाघ पळाली.'

घरी बोलतात कोरकू. ही मुंडा कुळातली भाषा, झारखंडच्या संथालीची नातलग. तिच्या क्रियापदात 'आला' आणि 'आली' असा भेद नाही. मराठीत मात्र तक्ता, पाटी, दप्तर, प्रत्येकाचं लिंग वेगळं लक्षात ठेवायचं. या चुकीला निष्काळजीपणा म्हणणं हा त्या मुलीवर अन्याय आहे.

मॅडम लाल पेन काढतच नाहीत. समासात पेन्सिलीने लिहितात : 'मग म्हैस वाचली का?' मुलगी वाचते, हसते, पुन्हा वाकते. म्हशीच्या पायाला लागलं होतं. आजीने हळद लावली. दोन दिवस ती चरायला गेली नाही. चार ओळींच्या नऊ झाल्या.

१.३०
खिचडी. ताटं धुतली, रांगेत पालथी घातली.

२.१५
दुरुस्ती एकच. फळ्यावर तीन ओळी : वाघ आला, म्हैस आली, वासरू आलं. आपल्या वहीत एवढंच शोधायचं. 'मॅडम, आजा आला ना?' 'हो, आजा आला.' ऱ्हस्वदीर्घाचं आज कुणी नाव काढत नाही. मला ही पद्धत पटते. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं, चूक होऊ नये म्हणून.

३.००
आता पक्कं. पट्टी लावून फिक्या रेघा, त्यावर निळं पेन. पेनं पाच रुपयांवाली, दोन बाकांत एक. पत्त्याची बाजू अवघड. पिनकोडच्या सहा चौकोनांत सहा आकडे बसवताना जीभ दातांखाली जाते. एका कार्डावर शाई सांडते, एकावर पत्ता उलटा होतो. म्हशीची गोष्ट मावत नाही; शेवटच्या दोन ओळी कडेने उभ्या जातात.

५.४०
धारणी. १४ कार्डं लाल पेटीत पडतात. आजचा कार्डांचा, पेनांचा, पेट्रोलचा खर्च मॅडमच्याच पर्समधून.

दर्यापूरकडच्या शाळेतले सर आठवड्याला एक तास उत्तरांसाठी राखतात, म्हणून हे चालू आहे. तुम्ही शिक्षक असाल तर दुसऱ्या तालुक्यातली एक शाळा शोधा, आणि आलेल्या प्रत्येक कार्डाला उत्तर जाईल एवढं पाहा.