संख्याव्यूह आणि त्यांची नावे : वटार येथील स्वरमापनांच्या निमित्ताने

वसई तालुक्यातील वटार व त्याच्या आसपासच्या गावांत बोलली जाणारी सामवेदी अथवा कादोडी बोली मराठीच्या अभ्यासकास अपरिचित नाही. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या किनाऱ्यावरील बोलींची दखल घेतलेली आहे. त्या काळी बोलीचा नमुना, त्याचे स्थळ व त्यावरील टिपण ही एकाच ग्रंथात छापली जात. आज आपण स्वरांचे मापन संगणकावर करतो, आणि आकडे एका फाइलीत व त्यांचा अर्थ दुसऱ्या वहीत, अशी फारकत होऊन बसते.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केलेली आहे. पूर्वीच्या एका संकलनात वक्ते बारा व शब्दही बारा होते. मापने नुसत्या संख्यांच्या रूपाने जतन केली. क्रम वहीत होता, ती वही व मूळ ध्वनिमुद्रणे पुढे हाती राहिली नाहीत. कोणता अक्ष वक्त्यांचा व कोणता शब्दांचा, हे स्वरांच्या ठेवणीवरून एकवेळ ताडता येईल. परंतु तिसरी ओळ कोणत्या वक्त्याची, हे ताडता येत नाही. त्यांपैकी दोन वृद्ध वक्त्या आज हयात नाहीत, त्यामुळे पुन्हा जाऊन विचारण्याची सोयही उरली नाही.

अक्षांची लांबी समान नसती तर चूक आपोआप उघडकीस आली असती, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. भारतीय हवामान विभागाचे पुणे येथील कार्यालय १९०१ पासूनच्या दैनिक पर्जन्याची पाव अंशाची जालकसामग्री उपलब्ध करून देते. तीत अक्षांशाचे १२९ व रेखांशाचे १३५ असे प्रत्येक दिवसाचे १७,४१५ बिंदू असतात. ही सामग्री दोन स्वरूपांत मिळते : एक नुसत्या द्विमान संख्यांचे, दुसरे नेटसीडीएफ. पहिल्याच्या सोबतच्या टिपणात क्रम स्पष्ट दिलेला आहे. पण टिपण न वाचता कोणी दोन अक्षांची अदलाबदल केली तर काय होईल? वटारास जवळचा जालकबिंदू १९.५ उत्तर, ७२.७५ पूर्व हा आहे. शून्यापासून मोजू लागल्यास अक्षांशात त्याचा क्रमांक ५२ व रेखांशात २५ येतो. म्हणजे फाइलीत त्याचे स्थान ५२ × १३५ + २५, अर्थात ७०४५. उलट वाचणारा २५ × १२९ + ५२, म्हणजे ३२७७ या स्थानावरील आकडा उचलील. तो बिंदू १२.५ उत्तर, ७५.७५ पूर्व येथील होय. हे ठिकाण कोडगूतील मडिकेरीजवळ येते! तेथेही पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. आकडा विश्वसनीय दिसेल, संगणक कुरकुर करणार नाही, आणि वटारचा म्हणून मडिकेरीचा पाऊस प्रबंधात छापला जाईल.

नेटसीडीएफमध्ये हे सहसा घडत नाही, कारण तेथे बिंदू क्रमांकाने नव्हे, नावाने मागता येतो. अमेरिकेतील युनिडेटा या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवामानशास्त्रासाठी घडविलेले हे स्वरूप. त्यात परिमाणे, चले आणि गुणधर्म अशी तीन अंगे असतात. परिमाण सांगते की हा अक्ष वक्त्यांचा. चल प्रत्यक्ष संख्या धारण करते. गुणधर्मात एकक, मापनाची रीत, रिक्त मूल्याची खूण यांची नोंद होते. व्याकरणाच्या अभ्यासकास हे परके वाटू नये. मराठी वाक्यात पदांचा क्रम बदलला तरी विभक्तिप्रत्ययांमुळे कर्ता-कर्म ओळखता येतात. नुसत्या संख्यांच्या फाइलीस प्रत्यय नसतात, सारा अर्थ क्रमावर विसंबून असतो.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. सीएसव्ही हे साधे मजकुराचे स्वरूप कोणत्याही यंत्रावर उघडते व लहान सारणीस पुरेसे आहे. परंतु एकके नोंदविण्यास त्यात नेमलेली जागा नाही, आणि स्प्रेडशीटमध्ये उघडताच ‘०१’ या वक्त्याचा ‘१’ होतो. पायथनमधील ‘पिकल’ नावाने लोणचे असले तरी मुरवत ठेवण्याजोगे नव्हे : ग्रंथालयाची आवृत्ती बदलली की ते उघडेलच याची शाश्वती नाही, शिवाय परक्याची अशी फाइल उघडताना तीत दडलेला कार्यक्रमही चालू शकतो. झार हे अलीकडचे स्वरूप व्यूहाचे तुकडे करून साठविते; महाजालावरील प्रचंड सामग्रीसाठी ते उत्तम. पण आपली सामग्री ती केवढी? वीस वक्ते, चाळीस शब्द, पाच आवृत्त्या, अकरा कालबिंदू व तीन फॉर्मंट धरले तरी १,३२,००० संख्या होतात. प्रत्येकीस आठ बाइट धरल्यास जेमतेम एक मेगाबाइट. एवढ्यासाठी तुकड्यांचा पसारा कशाला मांडावयाचा?

तेव्हा आपल्या विभागापुरते माझे मत नेटसीडीएफच्या चौथ्या आवृत्तीकडे झुकते. ही आवृत्ती २००८ मध्ये आली. तिचा पाया एचडीएफ-५ हा आहे, आणि तीत देवनागरी शब्दही जसेच्या तसे राहतात. पायथनमधील एक्सअॅरे वापरणाऱ्यांस तर ही वाट सहज आहे. अडचणी आहेत : वक्ता व शब्द मिळून केलेली संयुक्त सूची थेट जतन होत नाही, ती आधी सोडवावी लागते, गुणधर्मात गुंतागुंतीची रचना बसत नाही. वक्त्यांची खरी नावे मात्र फाइलीत घालू नयेत, संकेतांक घालावेत आणि संकेतांकांची यादी निराळी, कुलपात ठेवावी. जतन केल्यावर ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर, आपण शेजारी नसताना उघडवून घ्यावी, आणि तिसरी ओळ कोणत्या वक्त्याची एवढेच त्यास विचारावे.