रुपयाचा डायोड आणि गिटारची गुरगुर

इलेक्ट्रिक गिटारला रॉकमधली ती गुरगुर आणायला पूर्वी मुख्य उपाय एकच होता. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कुवतीपलीकडे वाजवायचा. सिग्नल झेपेनासा झाला की लाटांचे शेंडे छाटले जात आणि गोड सूर खरखरीत होई. मीरा रोडच्या शांतीनगरात हा उपाय केला, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत पहिला विषय तोच असेल. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे इथल्या गिटारवाल्याला डिस्टॉर्शन पेडलचं मोल जास्त. त्यात शेंडे छाटायचं काम डायोड करतात आणि अ‍ॅम्प कितीही हळू ठेवला तरी करतात. इंग्रजीत या छाटणीला क्लिपिंग म्हणतात.

डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, पण त्यासाठी ठरावीक व्होल्टेज लागतं. १एन४१४८ या सिलिकॉन डायोडला ०.६ ते ०.७ व्होल्ट, जर्मेनियमच्या डायोडला ०.३ च्या आसपास, तर लाल एलईडीला १.७ ते १.८. गिटारचा सिग्नल त्या मानाने फार लहान. म्हणून आधी ऑप-अँपने तो कित्येक पट वाढवायचा, मग एका रेझिस्टरमधून पुढे नेऊन तिथून दोन डायोड उलटसुलट तोंडांनी ग्राउंडला जोडायचे. लाट वर चढली की एक डायोड उघडतो, खाली गेली की दुसरा. जादा सिग्नल ग्राउंडला जातो आणि शेंडा सपाट होतो.

कानाला हे कसं जाणवतं? गिटारची ए तार ११० हर्ट्झवर वाजते. दोन्ही शेंडे सारखे छाटले, तर ३३०, ५५०, ७७० असे विषम पटींचे स्वर त्यात मिसळतात. एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एकच लावला, तर छाटणी असमान होते आणि २२०, ४४० हे सम पटींचे स्वरही येतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी खुली करतो की बंद, यावर जसा त्याच तारेचा आवाज पालटतो, तसंच हे. सूर तोच राहतो, त्याच्या अंगचे स्वर बदलतात.

रॉकमध्ये नुसता षड्ज-पंचम का वाजवतात, याचंही उत्तर यात आहे. ११० आणि १६५ हर्ट्झ एकत्र छाटले, की वजाबाकी-बेरजेतून ५५ आणि २७५ निघतात. सगळे ५५ च्या पाढ्यातले. गिटारच्या पडद्यावरचा गंधार १३८.६ चा. तो या पाढ्यात बसत नाही आणि गलका होतो.

डायोड कोणता, याइतकंच तो कुठे बसवलाय याला महत्त्व आहे. १९७८ च्या बॉस डीएस-१ या पेडलमध्ये सिलिकॉन डायोड ग्राउंडला जातात. छाटणी कडक, आवाज टोकदार. पुढच्याच वर्षीच्या आयबानेझ ट्यूब स्क्रीमरमध्ये मात्र ते ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये बसले. तिथे डायोड उघडला की गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, घटतो, पण मूळ सिग्नल पुढे जातच राहतो. शेंडा सपाट न होता नुसता वाकतो. शिवाय ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर छाटणीआधीच मंद केलेले असतात, म्हणून खर्जाचा चिखल होत नाही. एका बाजूला दोन, दुसरीकडे एक ही असमान मांडणी १९७७ च्या बॉस ओडी-१ मध्ये होती.

हे घरी करायचं तर भाईंदरहून चर्चगेट स्लो पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ट्यूब स्क्रीमरमधली ४५५८ ही ऑप-अँपची आयसी आणि १एन४१४८ ही दोन्ही इथे किरकोळीत मिळतात. जर्मेनियमचा शोध मात्र भंगारवाल्याकडे घ्यावा. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत डिटेक्टर म्हणून ओए७९ हा जर्मेनियम डायोड असे. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून टोकं लावली, की आकडा ०.३ च्या आसपास किंवा खाली आला पाहिजे. ०.६ दिसला तर जर्मेनियम म्हणून सिलिकॉन गळ्यात पडलंय.

आधी सगळं ब्रेडबोर्डवर जुळवावं. डायोडवरचा काळा पट्टा म्हणजे कॅथोड. दोन डायोडचे पट्टे विरुद्ध टोकांना हवेत. ९ व्होल्टच्या बॅटरीवर काम भागतं, त्यामुळे शॉकची भीती नाही. मनाजोगा आवाज लागला की मग सोल्डरिंग आणि डबा. डबा धातूचा हवा, नाहीतर घरातल्या वायरिंगची घूं आत शिरते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, पण स्टीलला भोक पाडताना ड्रिलचं टोक बोथट होतं, अ‍ॅल्युमिनियम बरं.

खरी फसगत तुलनेत होते. एलईडी लावला की छाटलेली लाटच मोठी राहते, आवाज वाढतो आणि मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. जर्मेनियम लावलं की तो घटतो. म्हणून दर बदलानंतर व्हॉल्यूम सारखा करून घ्यावा, डायोड बदलणारा स्विच दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि आपण पाठ फिरवून वाजवावं. जर्मेनियमचं वळण थोडं गोलसर असतं हे खरं, पण दुर्मीळ डायोडच्या नावावर सांगितला जाणारा बराचसा गोडवा या परीक्षेत गळून पडतो. रुपयाचा डायोड जिंकलाच, तर वाचलेल्या पैशांत गिटारच्या तारांचा नवा सेट येतो आणि आवाजातला तो फरक पाठ फिरवूनही ओळखू येतो.