फॉस्फोनेट बुरशीनाशके : मोजमाप आणि वापर

द्राक्षावरील केवडा, ज्यास बागायतदार डाऊनी म्हणतात, आणि संत्रा-मोसंबीवरील डिंक्या हे दिसण्यात अगदी भिन्न रोग आहेत. तथापि ते उत्पन्न करणाऱ्या बुरश्या एकाच गटातील असून त्यांवर फॉस्फोनेट वर्गातील औषधे उपयोगी पडतात. यांपैकी फोसेटिल-ॲल्युमिनियम हे १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये प्रचारात आले. भुरी रोगावर मात्र या औषधांचा भरवसा ठेवू नये.

फोसेटिलचे झाडात गेल्यावर फॉस्फोनिक आम्ल बनते. ते रसाबरोबर वर चढते व अन्नरसाबरोबर खाली मुळांकडेही उतरते. म्हणूनच पानांवरील फवारणीचा लाभ मुळांस मिळतो. ते बुरशीची वाढ रोखते, तसेच झाडाची प्रतिकारशक्ती जागी करते. यास्तव रोग बळावण्यापूर्वी केलेली फवारणीच अधिक फलदायी होते.

याच गुणात एक धोकाही आहे. झाड फॉस्फोनेटचे रूपांतर उपयुक्त स्फुरदात करू शकत नाही. त्यामुळे ते दीर्घकाळ टिकते. बहुवर्षायू वेलींच्या लाकडात साठून ते पुढील हंगामाच्या फळांतही उतरू शकते. ‘फॉस्फाइट’ असे नाव असलेली पोषक द्रव्येही वस्तुतः हाच अंश झाडास देतात. खत म्हणून दिलेल्या अशा द्रव्याची नोंद बागायतदार ठेवीत नाही आणि निर्यातीच्या वेळी अंश मर्यादेबाहेर गेल्यास कारण सापडत नाही.

औषध नेहमी तराजूने तोलावे. चमच्याचा किंवा झाकणाचा अंदाज धरू नये. उदाहरणार्थ, ८० टक्के भुकटी दर लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात ४०० लिटर पाण्यात घातल्यास १ किलो भुकटी लागते. तीत ८०० ग्रॅम फोसेटिल-ॲल्युमिनियम असते व त्यापासून सुमारे ५५५ ग्रॅम फॉस्फोनिक आम्ल निर्माण होऊ शकते. हे उदाहरण केवळ हिशेबासाठी आहे. मात्रा, पीक आणि फवारणी व काढणी यांमधील दिवस वेष्टनावरील पत्रकात दिल्याप्रमाणेच पाळावेत.

हे औषध आम्लधर्मी असल्यामुळे बोर्डो मिश्रण किंवा अन्य ताम्रयुक्त औषधांत मिसळू नये. तसे केल्यास तांबे विरघळून पाने व कोवळे मणी करपण्याचा संभव असतो.

फळांतील अंश तपासण्यासाठी विशेष काळजी घ्यावी लागते. हा पदार्थ पाण्यात सहज विरघळणारा असल्याने अनेक औषधांच्या सर्वसाधारण एकत्रित तपासणीत तो सापडत नाही. त्यासाठी निराळी पद्धत वापरावी लागते. म्हणून नमुना पाठविताना ‘फोसेटिल व फॉस्फोनिक आम्ल तपासावे’ असे लेखी कळवावे. नमुना एका वेलीचा नसावा. बागेच्या चारही बाजूंच्या व मधल्या वेलींवरील घडांच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून मणी घ्यावेत. अहवालातील आकडा कोणत्या स्वरूपात दिला आहे, तेही पाहावे. फॉस्फोनिक आम्लाच्या आकड्यास १.३४ ने गुणल्यास तो फोसेटिलच्या रूपात येतो. १० चा आकडा १३.४ होतो. ही बाब ध्यानात न घेतल्यास मर्यादेशी तुलना चुकते.

जमिनीत सूक्ष्मजीव फॉस्फोनेटचे हळूहळू फॉस्फेटमध्ये रूपांतर करतात. त्यास कित्येक महिने लागू शकतात. नेहमीच्या माती परीक्षणातील उपलब्ध स्फुरदाच्या आकड्यात फॉस्फोनेट धरले जात नाही. सबब फॉस्फाइट दिले म्हणून स्फुरदाची खते कमी करू नयेत.

प्रत्येक फवारणीची तारीख, मात्रा व द्रव्याचे नाव वहीत लिहावे. त्यात पोषक द्रव्येही वगळू नयेत. काढणीपूर्वी अहवाल हाती आला, तर माल कोणत्या बाजारात पाठवावा हे वेळीच ठरविता येते. माल बंदरावर पोचल्यावर कळून मात्र काहीच उपयोग होत नाही.