नव्या मोटारीचे पहिले ऑइल केव्हा बदलावे?

दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की बँकेच्या शाखांमध्ये वाहन कर्जाच्या अर्जांची संख्या वाढू लागते. कर्ज मंजूर होते, मोटार दारात येते, तिला हार घातला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि पेढे वाटून होत नाहीत तोच सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. त्यांपैकी एक सल्ला हमखास असतो : "हजार किलोमीटर झाले की कारखान्यातून आलेले ऑइल काढून टाका, नाहीतर इंजिन खराब होईल." दुसरीकडे सर्व्हिस केंद्रातील कर्मचारी सांगतो की, दहा हजार किलोमीटरपर्यंत ऑइलला हात लावण्याचे कारण नाही. पाच-सात वर्षे हप्ते भरून घ्यावयाच्या वस्तूविषयी असे दोन टोकांचे सल्ले मिळाले म्हणजे ग्राहकाचा गोंधळ उडणे स्वाभाविकच आहे.

वस्तुतः हे दोन्ही सल्ले आपापल्या काळात योग्यच आहेत. पहिला सल्ला ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या जमान्यातला. त्या काळच्या इंजिनांतील सिलिंडरचा अंतर्भाग व पिस्टनच्या रिंगा आजच्या मानाने ओबडधोबड असत. प्रत्यक्ष रस्त्यावर धावतानाच त्या एकमेकींशी जुळत आणि या जुळणीत धातूचा बारीक कीस बऱ्याच प्रमाणात ऑइलमध्ये उतरे. ऑइलही साधे खनिज स्वरूपाचे असे. त्यामुळे पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ते बदलणे आवश्यकच होते. मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी लावून रस्त्याच्या कडेने संथपणे जाणारी नवी गाडी ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल.

या समजुतीला खतपाणी घालणारे दुसरे कारण म्हणजे दुचाकी. आपल्या देशात बहुसंख्य कुटुंबे दुचाकीवरून चारचाकीकडे येतात आणि येताना दुचाकीचे नियमही बरोबर आणतात. परंतु मोटारसायकलमध्ये बहुधा इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांनाही एकच ऑइल पुरविलेले असते, तेही जेमतेम एक लिटरच्या आसपास. गिअरच्या दात्यांचा आणि क्लचच्या प्लेटांचा कीस त्यातच मिसळतो. म्हणून मोटारसायकलची पहिली सर्व्हिस ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान ठेवलेली असते व तेव्हा ऑइल बदललेच पाहिजे. मोटारीत गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते आणि इंजिनात ते तीन ते चार लिटर भरलेले असते. म्हणजेच दुचाकीचा नियम चारचाकीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आजच्या इंजिनात पहिल्या हजार किलोमीटरमध्ये नेमके काय घडते, हे पाहणे उद्बोधक आहे. सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर कारखान्यातच एकमेकांना छेदणाऱ्या अतिशय सूक्ष्म रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. या रेघांत ऑइल साठून राहते. नवी रिंग खाली-वर होताना त्या रेघांची टोके झिजतात आणि रिंग पृष्ठभागावर नीट बसते. या काळातील ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी केल्यास त्यात लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे यांचे कण आणि जोड बंद करण्यासाठी लावलेल्या लेपातून आलेले सिलिकॉन आढळते. पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी हे प्रमाण घटत जाते. यातले मोठे कण फिल्टर अडवतो. अगदी सूक्ष्म कण मात्र फिल्टरमधून पार होऊन ऑइलबरोबर फिरत राहतात, आणि लवकर ऑइल बदलावे असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हाच आहे. हा आधार निराधार नाही. तथापि यंत्रकामाची अचूकता आणि जुळणीपूर्वी होणारी भागांची धुलाई आता इतकी सुधारली आहे की, या कणांचे प्रमाण सामान्यतः कंपनीने गृहीत धरलेल्या मर्यादेतच राहते. शिवाय काही इंजिनांमध्ये जुळणीच्या वेळी भागांना मॉलिब्डेनमयुक्त वंगण लावलेले असते. ते पहिल्या ऑइलमध्ये मिसळून रिंगा बसण्याच्या काळात उपयोगी पडते, म्हणून काही उत्पादक पहिले ऑइल ठरलेल्या मुदतीआधी बदलू नका, असे स्पष्टपणे लिहितात.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत आहे, आणि नेमकी तीच पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न पडता डॅशबोर्डच्या कप्प्यात वर्षानुवर्षे पडून राहते. भारतातील बहुतेक मोटारींची पहिली मोफत सर्व्हिस १,००० ते १,५०० किलोमीटर किंवा एक ते दोन महिने या सुमारास असते. ही सर्व्हिस मुख्यतः तपासणीची असते. ऑइलची पातळी, कुठे गळती आहे काय, नटबोल्टांची घट्टपणा, ब्रेक इत्यादी पाहिले जातात, ऑइल बदलले जात नाही. ऑइल व फिल्टर यांचा पहिला बदल बहुसंख्य पेट्रोल मोटारींत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष या टप्प्यावर सांगितलेला असतो. काही कंपन्यांनी तो ७,५०० वर, तर काहींनी १५,००० वर ठेवला आहे.

या वाक्यापुढे पुस्तिकेत आणखी चार शब्द असतात : 'जे आधी होईल ते'. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते या शब्दांकडे. समजा, इंदूरमधील एका निवृत्त गृहस्थांची गाडी वर्षाकाठी जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. सकाळी मंदिर, संध्याकाळी बाजार, फेरी चार किलोमीटरची. आपली गाडी फार चालतच नाही, तेव्हा ऑइल तीन वर्षे सहज टिकेल, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब उलटा आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतांश वाफ धुराड्यावाटे निघून जाते, परंतु थोडी वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ते उडून जाते. चार किलोमीटरच्या फेरीत ऑइल तापण्यापूर्वीच इंजिन बंद होते. पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहते, ऑइल पातळ होते, आम्ले तयार होतात आणि ती थोपविण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायने खर्ची पडू लागतात. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणावे, आणि किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी वर्ष पूर्ण होताच ऑइल बदलावे. सहा महिन्यांनी बदलले तर अधिकच उत्तम.

याच्या नेमके विरुद्ध उदाहरण बेंगळुरू, मुंबई किंवा दिल्लीत रोज कचेरीला जाणाऱ्या नोकरदाराचे. महामार्गावर ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने १०,००० किलोमीटर पुरे व्हायला सुमारे १६७ तास लागतात. शहराच्या गर्दीत सरासरी २० चा वेग धरला तर त्याच अंतराला ५०० तास लागतात. किलोमीटरचा आकडा सारखाच, पण इंजिनाने केलेले काम तिप्पट तासांचे. सिग्नलपाशी उभ्या गाडीचे इंजिन चालू असते, आकडा मात्र पुढे सरकत नाही. म्हणूनच सततची गर्दी, धुळीचे रस्ते, लहान फेऱ्या, घाटातील किंवा अवजड भाराची वाहतूक यांना पुस्तिकांमध्ये 'कठीण परिस्थितीतील वापर' असे निराळे शीर्षक असते व त्याखाली ऑइल बदलाची मुदत बरीच कमी, पुष्कळदा निम्मी, दिलेली असते. आपल्या महानगरांतील बहुतेक वाहनधारक प्रामाणिकपणे पाहिले तर याच शीर्षकाखाली येतात.

मग कोणाला पहिले ऑइल हौसेने लवकर बदलावयाचे असेल तर? रिंगा बसून गेल्यावर, म्हणजे दोन ते पाच हजार किलोमीटरच्या दरम्यान, कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे ऑइल व नवा फिल्टर घातल्यास सहसा काही बिघडत नाही. टर्बोचार्जर असलेल्या, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत ऑइलवर उष्णतेचा व पेट्रोल मिसळण्याचा ताण अधिक पडतो. अशी गाडी दहा-पंधरा वर्षे वापरावयाची असेल तर हा जादा खर्च समर्थनीय ठरतो. मात्र पुस्तिकेत मनाई असल्यास तसे करू नये, आणि पहिले ऑइल उत्साहाने लवकर बदलून पुढचे बदल लांबविण्यात काहीच अर्थ नाही. ते पहिला हप्ता आठवडाभर आधी भरून पुढचे तीन थकविणाऱ्या कर्जदारासारखे झाले.

ऑइल कोणते, हा मुद्दा ऑइल केव्हा याइतकाच महत्त्वाचा आहे. डब्यावरील ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० या संख्यांतील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठी आहे. त्याच्या आधीचा अंक थंड अवस्थेतील प्रवाहीपणा दाखवितो, नंतरचा अंक तापलेल्या अवस्थेतील दाटपणा. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून दाट ऑइल चांगले, असे गॅरेजमधून सर्रास सांगितले जाते. आधुनिक इंजिनातील बेअरिंगच्या फटी आणि ऑइलचा पंप पातळ ऑइल गृहीत धरूनच आखलेले असतात, त्यामुळे हा सल्ला मानू नये. डिझेल गाड्यांबाबत तर अधिकच काळजी हवी. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर बहुतेक डिझेल मोटारींना काजळी अडविणारा फिल्टर धुराड्यात बसविलेला असतो. त्याला कमी राख निर्माण करणारे विशिष्ट ऑइलच चालते. साधे ऑइल घातल्यास हा महागडा फिल्टर हळूहळू तुंबतो. हा फिल्टर आपली काजळी जाळून टाकण्यासाठी जादा डिझेल वापरतो. लहान फेऱ्यांमुळे ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली तर काही डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून समाधान मानण्याचे कारण नाही. अशा वेळी मुदतीची वाट न पाहता सर्व्हिस केंद्र गाठावे.

'मोफत सर्व्हिस' या शब्दाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. सर्वसाधारणपणे मोफत असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर व इतर वस्तूंचे पैसे ग्राहकाकडून घेतले जातात. पहिल्याच तपासणीत 'इंजिन फ्लश', 'ऑइल ट्रीटमेंट' अशा नावांच्या बाबी कामाच्या पत्रकात हळूच लिहिल्या गेल्या असतील तर त्या पुस्तिकेत आहेत काय, हे विचारून मगच स्वाक्षरी करावी. नव्या इंजिनाला त्यांची गरज नसते.

कर्जाच्या दृष्टीने पाहता, परतफेड पूर्ण होईपर्यंत मोटार बँकेकडे तारण असते, परंतु तिच्या देखभालीची जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची असते. इंजिनात बिघाड होऊन हमीखाली दावा केला की उत्पादक प्रथम सर्व्हिसच्या नोंदी मागतो. ठरलेल्या मुदतीत ऑइल बदलल्याची नोंद नसेल तर दावा नाकारला जाण्याची दाट शक्यता असते. सामान्य मोटार विमाही येथे कामास येत नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड त्यातून वगळलेले असतात. इंजिन निकामी झाले तरी हप्ता थांबत नाही! यास्तव ऑइल कोठेही बदलले तरी ऑइलची प्रत, परिमाण, दिनांक व किलोमीटर नमूद असलेले बिल जपून ठेवावे. दर तीन-चार वर्षांनी नागपूरहून गुवाहाटीला किंवा वडोदऱ्याहून चेन्नईला बदली होणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांनी ही बिले इतर महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबरच ठेवलेली बरी.

गाडी ताब्यात घेताना नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्पादनाचा महिना व वर्षही पाहावे. हमीची मुदत विक्रीच्या दिवसापासून मोजली जाते, पण ऑइल इंजिनात भरले जाते ते कारखान्यात. गाडी विक्रेत्याच्या आवारात सात-आठ महिने उभी राहिली असेल, तर पहिल्या बदलासाठी वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहणे शहाणपणाचे.

दरम्यानच्या काळात डिपस्टिक पाहण्याची सवय लावून घ्यावी. रिंगा बसेपर्यंत नवे इंजिन थोडे ऑइल खाऊ शकते. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ऑइलचा रंग पाहून निर्णय घेऊ नये. काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच असल्याने डिझेल गाडीत ते थोड्याच दिवसांत काळे होते, तर सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत मुदत संपली तरी बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर मात्र पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचाही मोह टाळून गाडी तत्काळ बाजूला घ्यावी व इंजिन बंद करावे.